खेचर विकणे आहे, सगळ्या खोडींसकट

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन गुडघे सध्या संपावर आहेत, तेव्हा हा नमस्कार सहा अंगांचाच समज. उरलेल्या दोन अंगांचं पुढे पत्रात येईलच.) तुझी साखर आटोक्यात आहे ना? वहिनीची पाठ फिरली की स्वयंपाकघरातले डबे उघडून बघायची तुझी सवय गेली असेल अशी आशा करते, पण विश्वास ठेवत नाही. वहिनीला नमस्कार आणि सहानुभूती. मी बरी आहे. म्हणजे गेले बारा दिवस रागात आहे, आणि मी रागात असले की बरी असते हे तुला मी पाळण्यात होते तेव्हापासून ठाऊक आहे. 'ठिणगी' हे नाव तूच ठेवलंस. नाव ठेवताना माणसाने पुढच्या साठ वर्षांचा विचार करावा.

फोन न करता पत्र का, असं विचारशील. माझा आवाज जरा चढला की तू 'हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय' म्हणून फोन ठेवतोस. गेली वीस वर्षं तुझ्या फोनवर नेमका माझाच आवाज तुटतो. वहिनी त्याच फोनवर तिच्या बहिणीशी दीड दीड तास बोलते तेव्हा सगळं धडधाकट असतं. कागदाला ही सोय नाही. कुरिअरवाल्याने परवा दुपारपर्यंत पोचवायचं कबूल केलंय, तेव्हा हे पत्र बसून, चष्मा लावून, शेवटपर्यंत वाच. सही दिसली की घडी करून खिशात टाकायची तुझी पद्धत मला माहीत आहे. या वेळी सहीच्या खालीही वाच.

तर विषय खेचराचा. खेचर म्हणजे कोण हे तुला सांगायला नको, माझ्या गळ्यात ते तूच बांधलंस. पण राग काढायचा तर मुळापासून काढायला हवा. सव्वीस वर्षांपूर्वी माझी बदली या डोंगराखालच्या गुरांच्या दवाखान्यात झाली. खाली दोन खोल्या, वर अकरा वाड्या, आणि वाड्यांमध्ये माणसांपेक्षा गुरं जास्त. गुरांच्या डॉक्टरने चालत जावं असं खात्याचं मत होतं (खातं स्वतः जिना चढायलाही तयार नसतं), त्यामुळे गाडी मिळाली नाही. तू दोन दिवसांची रजा काढून आलास आणि मला सरकारी भंगाराच्या लिलावाला घेऊन गेलास. भर उन्हात एक माणूस टेबलावर उभा राहून घंटा वाजवत होता आणि तू शर्टाच्या बाह्या वर सारून बोली लावत होतास. (तुला इतका खूश मी आयुष्यात दोनदाच पाहिलाय, आणि दुसरी वेळ तुझ्या लग्नातली नव्हती. हे वहिनीला वाचून दाखवू नकोस.) चारही चाकांनी ओढणारी ती चिमुकली उघडी गाडी आपण घेतली. तिसरा गिअर पडत नव्हता म्हणून तू ती दुसऱ्यावरच साठ किलोमीटर रेटत इथवर आणलीस, बाजाराच्या रिकाम्या मैदानात मला चालवायला शिकवलीस, मी पहिल्याच संध्याकाळी दवाखान्याच्या कुंपणाची भिंत पाडली, आणि दुसऱ्या दिवशी तू सुखरूप निघून गेलास. गाडी घोड्यासारखी पळत नव्हती आणि गाढवासारखी अडतही नव्हती, म्हणून तिचं नाव खेचर पडलं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले आणि माझ्या मागोमाग डावा गुडघाही निवृत्त झाला. क्लच दाबायचा म्हटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. (ऑपरेशनचा विषय इथे काढू नकोस. तू तीनदा पैसे देतो म्हणालास, मी तीनदा नको म्हटलं, विषय संपला. निदान मी तरी तसं समजत होते.) तेव्हापासून खेचर अंगणात उभं आहे, आणि माझ्या जागी नवी डॉक्टर पायी हिंडते आहे. ही तिसरी. पहिला चार महिन्यांत पळाला, दुसरा पेटीचं कुलूप उघडायच्या आत. ही पोरगी मात्र नऊ महिने टिकली आहे. पहाटे पाचला दुधाच्या टेम्पोत कॅनांच्या मध्ये बसून वर जाते आणि बाराला टेम्पो उतरतो त्यात परत येते. आता एखाद्या गाईने दुपारी तीनला व्यायचं ठरवलं तर टेम्पो तिच्यासाठी थांबत नाही. मग ही औषधांची पेटी खांद्याला लावून अडीच तास चढते. गेल्या महिन्यात सगळ्यात वरच्या वाडीत एक म्हैस अडली. रेडकाचा पाय आत मुडपलेला, जाणत्या हाताला पाच मिनिटांचं काम, पण त्या पाच मिनिटांसाठी पोरगी चार तास उशिरा पोचली. म्हैसही गेली आणि रेडकूही गेलं. त्या संध्याकाळी ती माझ्या पायरीवर बसून काटकीने बुटांचा चिखल खरवडत होती, आणि मान वर न करता म्हणाली की बदलीचा अर्ज भरून ठेवलाय, सोमवारी देणार. ती गेली की दवाखान्याला टाळं. खातं ते टाळं हातात घेऊनच बसलंय. अकरा वाड्या, दादा. मग मी सव्वीस वर्षं इथे काय झक मारली?

मी म्हटलं, खेचर घेऊन जा. ती म्हणाली, फुकटचं मला पचत नाही. बरं, पाच हजार दे. म्हणाली, ही भीक झाली. बरं बाई, दहा. म्हणाली, मॅडम, तुम्ही माझ्यावर दया करताय आणि मला ती नकोय. विकणारी किंमत खाली ओढते आहे आणि घेणारी वर, असा सौदा आमच्या कंपाउंडरनेही कधी पाहिला नव्हता, तो आपला एकदा हिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे मान वळवत उभा. (हा कंपाउंडर माझ्याबरोबरच निवृत्त झाला, पण त्याला ते कोणी नीट समजावून सांगितलेलं दिसत नाही. रोज सकाळी नऊला येतो.) असला ताठा मी आजवर एकाच बाईत पाहिला होता, आणि तिचे गुडघे गेलेत. शेवटी पोरगीच म्हणाली की गाडी ऑनलाइन लिलावात टाका, चार लोक ठरवतील ती तिची खरी किंमत, मीही तिथेच बोली लावीन, मिळाली तर हक्काची. लिलाव होईपर्यंत अर्ज खणात ठेवते, गाडी मिळाली तर फाडीन, असंही म्हणाली. मी मनात म्हटलं, हे तर फारच सोपं आहे. या भंगाराला कोण कुत्रं विचारतंय? त्यातून मी त्याच्या सगळ्या खोडी लिहून टाकते, एकही माणूस फिरकणार नाही, पोरगी एकटीच बोली लावेल आणि हक्काने घेऊन जाईल. ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात हुशारीची कल्पना होती. यावरून बाकीच्या कल्पनांचा अंदाज कर.

साईटवरच्या फॉर्ममध्ये 'वाहनाचे वर्णन' म्हणून एक भलामोठा रिकामा चौकोन होता. मी जन्मभर जनावरांचे आरोग्य दाखले लिहिले, दुसरं काही मला लिहिता येत नाही. तेव्हा दाखलाच लिहिला. वय छत्तीस. रंग मूळचा हिरवा, सध्या ज्याला जसा दिसेल तसा. दात: दुसऱ्या गिअरचे झिजलेले, तिसऱ्याचे कधी होते की नाही ते माहीत नाही. दृष्टी: उजवा डोळा अधू. श्वास: चढावर धाप लागते, खोकल्यातून काळा धूर. चाल: डांबरी रस्त्यावर डावीकडे ओढ, डोंगरात अगदी सरळ. स्वभाव: थंडीत उठायला कुरकुर, दोन शिव्यांनंतर उठतं. खोड: उतारावर हॉर्न आपला आपण वाजतो. ब्रेक पहिल्या हाकेला ऐकत नाही, दुसऱ्या हाकेला ऐकतो, तेव्हा पहिली हाक लवकर मारावी. दूध नाही. तेल रोज एक वाटी, खालून. शेरा: मायेने वागवल्यास काम करतं, न वागवल्यासही करतं, पण अपमान लक्षात ठेवतं. खाली माझी सही आणि पशुवैद्यकाचा नोंदणी क्रमांक. यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. खोटा दाखला मी आमदाराच्या बैलालाही दिला नव्हता, खेचराला कशी देईन?

फोटो कंपाउंडरने काढले. चौदा फोटो, आणि चौदाही डाव्या खांद्याच्या बाजूने. मागचा एकही नाही. मी विचारलं तर म्हणाला, बाई, मागे उभं राहायचं नाही ही आपली पहिली शिस्त, तुम्हीच शिकवलीत. मी म्हटलं, अरे, गाडी लाथ मारत नाही. तो तरीही मागे गेला नाही. (एकदा इंजिन सुरू करताना हँडल उलटं फिरून त्याचा अंगठा मोडला होता, तेव्हापासून त्याचं आणि खेचराचं बोलणं नाही.) फॉर्मच्या शेवटी 'मला सर्व अटी मान्य आहेत' असा एक चौकोन होता, त्यात मी बरोबरची खूण केली. औषधाच्या बाटलीवरचं मुंगीएवढं अक्षर भिंगाखाली धरून वाचल्याशिवाय मी कधी सुई भरली नाही, आणि इथे त्रेसष्ट अटी एका टिचकीत मान्य केल्या. माणूस जनावरांच्या बाबतीत जेवढा शहाणा असतो तेवढा स्वतःच्या बाबतीत नसतो.

पुढचं काय सांगू. पहिले दोन दिवस सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पोरगीने दहा हजारांची बोली लावली, दुसरी बोली नाही, मी खुशीत. तिसऱ्या दिवशी कोणा रिकामटेकड्याने माझा दाखला त्याच्या मित्रांना पाठवला, मित्रांनी त्यांच्या मित्रांना, आणि आठवड्याभरात खेचर जगप्रसिद्ध झालं. खोडी वाचून लोक पळून जातील असं मला वाटलं होतं. उलट, इतकी खरं बोलणारी बाई आहे म्हणजे गाडीत दुसरं काही लपलेलं नाही, असं म्हणत लोक झुंडीने आले. दादा, आपल्या बाबांनी आपल्याला खरं बोलायला शिकवलं, पण खरं बोलण्याचा धंद्यात इतका फायदा होतो हे त्यांना कोणी सांगितलं नसावं, नाहीतर ते कर्जात मेले नसते. प्रश्नांचा तर नुसता पाऊस. फायनल किती? ॲव्हरेज किती देते? माझी मोटारसायकल घ्या आणि वर पैसे द्या. गाभण आहे का? (हा प्रश्न सतरा जणांनी विचारला आणि सतराही जणांना वाटलं की तो आपल्यालाच सुचला.) एकाने तर मला लग्नाबद्दल विचारलं. माझ्या नव्हे, त्याच्या. वरातीला गाडी भाड्याने हवी होती.

मी घाबरून लिलाव रद्द करायला गेले. अट क्रमांक एकेचाळीस: बोली आल्यानंतर लिलाव रद्द करता येत नाही. लावलेली बोलीही मागे घेता येत नाही. मग साईटवरच्या मदतनीसाला लिहिलं. तो माणूस नसून यंत्र आहे हे मला अर्ध्या तासाने कळलं. मी लिहिलं की माझी गाडी मला परत हवी आहे. उत्तर आलं, तुमच्या भावना आम्ही समजतो. मी लिहिलं, भावना गेल्या खड्ड्यात, लिलाव थांबवा. उत्तर आलं, तुमच्या भावना आम्ही समजतो, या संभाषणाला किती तारे द्याल? मी जे दिलं ते ताऱ्यांत मोजता येत नाही. कंपाउंडर शेजारी उभा होता, तो बाहेर जाऊन बसला.

मग प्रत्यक्ष बघायला माणसं यायला लागली. रविवारी सकाळी अंगणात नऊ जण. येणारा प्रत्येक जण आधी टायरला लाथ मारायचा. टायरला लाथ मारून काय कळतं, मला कोणीतरी सांगा. मी तीस वर्षं जनावरं तपासली, एकालाही लाथ मारली नाही. (त्यांनी मला मारल्या, तो भाग वेगळा.) एक जण काळा चष्मा लावून आला, त्याने खेचरावर बसून सव्वाशे फोटो काढले आणि इंजिन बघायला बॉनेटऐवजी मागचं झाकण उघडलं. पण खरा डोक्यात गेला तो हॉटेलवाला. पांढरी पँट, हातात तीन फोन. त्याने इंजिन सुरूसुद्धा करायला सांगितलं नाही. मी आपणहून सुरू करायला निघाले तर म्हणाला, नको, इंजिन काढूनच टाकणार आहोत. इंजिनाच्या जागी माती भरायची, तिच्यात फुलझाडं लावायची, आणि हॉटेलच्या दारात उभं करायचं. लोक शेजारी उभे राहून फोटो काढतील म्हणाला. ज्या गाडीने अकरा वाड्यांतली हजारो वासरं जमिनीवर आणली, तिच्या पोटात हा कुंडी करणार. मी त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेले नाही. कंपाउंडर गेला, आणि येताना फाटकाला कडी घालून आला.

आता मूळ रागाकडे येते. (हो, इथवर झाला तो वरचा राग होता.) पोरगी बिचारी बावन्न हजारांपर्यंत चढली. तिच्याकडे तेवढेच आहेत, हे ती बोलली नाही, पण शुक्रवारी तिने बोली थांबवली आणि शनिवारी सायकल दुरुस्त करून आणली. सायकल. या डोंगरावर. तिला मागे टाकणारे आता दोघंच उरलेत. एक हा कुंडीवाला, आणि दुसरा कोणी तरी 'पायवाट' नावाने बोली लावणारा. साईटवर लोक खरी नावं लावत नाहीत, घुबडासारखे अंधारात बसतात. या पायवाटाची एकेक तऱ्हा ऐक. कुंडीवाल्याने साठ हजार लावले की हा साठ हजार सात लावणार. त्याने सत्तर की हा सत्तर हजार सात. प्रत्येक बोलीच्या शेपटीला सात. बरं, तेही सोड. गेल्या मंगळवारी कुंडीवाला दोन दिवस गप्प होता, याची बोली सगळ्यात वर होती, शांत बसायचं की नाही? तर नाही. हा पठ्ठ्या स्वतःच्याच बोलीवर स्वतः चढला. नव्वदवरून एकदम एक लाख चाळीस हजार सात. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. स्वतःशीच भांडून स्वतःलाच हरवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. एक तर याला व्यवहाराचा गंध नाही, नाहीतर याला गाडी मुळी नकोच आहे.

हा मनुष्य कोण ते मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत असण्याचं कारण नाही, पण तो कसा असेल हे मी तुला नेमकं सांगू शकते. याला पैसा चावत असणार. याला एकदा नको म्हटलेलं कळत नसणार, दोनदाही नाही, तीनदाही नाही. हा जेवायला बसलेल्याच्या ताटात न विचारता वाढणार आणि मग उपाशी राहू नये म्हणून वाढलं असं वर म्हणणार. समोर येऊन बोलायची याची छाती नसणार, म्हणून खोटं नाव घेऊन मागच्या दाराने शिरणार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे याला वाटत असणार की आपण फार चांगलं काम करतोय. अशी माणसं मला वाईट माणसांपेक्षा जास्त त्रास देतात. वाईट माणसाला निदान शिवी देता येते. याने मला साईटवर सगळ्यांसमोर प्रश्न काय विचारावा? ना ॲव्हरेज, ना कागदपत्रं. विचारतो, ड्रायव्हरच्या सीटखालचा पत्र्याचा डबा अजून आहे का, आणि विकणाऱ्या बाईंची प्रकृती कशी आहे. सीटखाली डबा आहे हे दाखल्यात नाही, फोटोत नाही, कंपाउंडरला माहीत नाही. मी उत्तर दिलं की डब्याशी आणि बाईच्या प्रकृतीशी आपल्याला काय करायचंय. त्यावर त्याने हसरा चेहरा पाठवला. दादा, तो हसरा चेहरा मी विसरणार नाही.

याच्या नादात पोरगीची गाडी गेली, दवाखाना जायची वेळ आली, आणि लिलाव या रविवारी संध्याकाळी सहाला संपतो. हा पायवाटवाला मला भेटला तर मी त्याला खेचराच्या मागे उभा करून उतारावर सोडीन, एवढं तुला मोठा भाऊ म्हणून सांगून ठेवते. दुसरं कोणाला सांगणार? मन मोकळं झालं. तुम्हा दोघांच्या प्रकृतीला जपा. साखर कमी खा. वहिनीला सांग, लोणच्याची बरणी पोचली, झाकण अजून उघडलेलं नाही, म्हणजे उघडत नाही.

तुझी धाकटी बहीण,
ठिणगी

ता. क. १: आता घडी केलेला कागद परत उघड. काल वहिनीशी फोनवर बोलले. (आवाज अजिबात तुटला नाही.) ती सहज म्हणाली की हल्ली हे जेवण अर्धं टाकून फोन घेऊन गच्चीत जातात, ओठ चावत बसतात, आणि परवा कोणाला तरी 'हरवलं' म्हणून टाळी वाजवली, मला वाटलं पत्ते खेळतात. दादा, सव्वीस वर्षांपूर्वी त्या उन्हात तू माझ्या कानात काय म्हणाला होतास? बोली कधी गोल आकड्यावर लावू नये, गोल आकड्यावर सगळेच थांबतात, आपण सात पुढे जायचं. हॉस्पिटलने गुडघ्यांचा खर्च एक लाख चाळीस हजार सांगितला होता, तो कागद मी वहिनीला पाठवला होता, तुला नव्हे. वरचे सात तेवढे तुझ्या स्वभावाचे. पायवाटाबद्दल मी वर जे जे लिहिलं त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. बोलीसारखाच, तोही मागे घेता येत नाही.

ता. क. २: आता खरं काम. खबरदार, बोली लावायची थांबलास तर. कुंडीवाला कंपाउंडरला सांगून गेलाय की तो रविवारी शेवटच्या पाच मिनिटांत येणार. तू गच्चीत बस, जेवण पूर्ण करून बस, आणि त्याला सात-सात करून लोळव. मग अट क्रमांक सव्वीसप्रमाणे घेणाऱ्याने स्वतः येऊन गाडी न्यायची असते, म्हणजे तुला यावंच लागेल. (सात वर्षं 'येतो, येतो' म्हणतोयस.) येऊन खेचर एक दिवस चालव. तुझी पाठ धरेल, ती धरतेच. मग दवाखान्यात जाऊन पोरगीला सांग की मी ही गाडी लिलावात घेतली, माझ्या पाठीला झेपत नाही, बावन्न हजारांना काढून टाकतोय, घेता का. यातलं एकही अक्षर खोटं नसेल, त्यामुळे ती नाही म्हणू शकणार नाही. फक्त तू माझा भाऊ आहेस हे बोलू नकोस, आणि आपलं नाक एकसारखं आहे तेव्हा तिच्यासमोर रुमाल जवळ ठेव. बदलीचा अर्ज तिच्या टेबलाच्या डाव्या खणात आहे. तिला तो तुझ्यासमोर फाडू दे. कुंडीवाल्यामुळे एक चाळीसच्या वर जे चढेल ते मी तुला परत करीन आणि तू ते निमूट घेशील. एक चाळीस मी ठेवून घेते. गुडघे करते. हे वाक्य लिहायला मला तीन कागद लागले, तेव्हा त्यावर तू काही बोलू नकोस.

ता. क. ३: डबा आहे. तू ठेवलेली दोरी कुजली, टॉर्च गंजला, बिस्किटं पहिल्याच महिन्यात एका वासराने कागदासकट खाल्ली. चिठ्ठी आहे. 'अडकलीस तर फोन कर, लाजू नकोस', आणि खाली तुझ्या जुन्या ऑफिसचा सहा आकडी नंबर. सव्वीस वर्षांत मी कितीदा चिखलात रुतले, दोनदा ओढ्यात बंद पडले, एकदा अख्खी रात्र दरडीखाली काढली. दर वेळी डबा उघडला, चिठ्ठी वाचली, परत ठेवली आणि स्वतःच फावडं मारलं. दादा, या वेळी अडकले आहे. तो नंबर आता लागत नाही, म्हणून पत्र लिहिलं.